घर खरेदी, गहाण कर्ज आणि हक्काचा शोध

मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात घराची खरेदी हा बहुधा आयुष्यात एकदाच येणारा व्यवहार होय. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे बदलून आलेला शिक्षक, मोंढ्यातील लहान व्यापारी, शेती सांभाळून मुलांच्या शिक्षणासाठी गावात घर करू पाहणारा शेतकरी, असे अनेक जण वर्षानुवर्षांची शिल्लक एकत्र करतात. उरलेली रक्कम ते बँकेच्या कर्जातून उभी करतात आणि पुढील पंधरा-वीस वर्षे हप्ते फेडण्याचे बंधन पत्करतात. घराच्या भिंती, पाणी, रस्ता यांची पाहणी कसोशीने केली जाते. विकणाऱ्याला ते घर विकण्याचा पूर्ण हक्क आहे काय, हा प्रश्न मात्र ‘बँकेने कागद पाहिले आहेत’ एवढ्या समजुतीवर सोडून दिला जातो. घरावरील हक्क सदोष ठरला तरी कर्ज फेडण्याची जबाबदारी संपत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या समजुतीतील धोका स्पष्ट होतो.

नोंदणी म्हणजे हक्काची हमी नव्हे

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. इसारपावती किंवा साठेखत केल्याने घराची मालकी मिळत नाही. ते केवळ पुढे खरेदीखत करून देण्याचे वचन असते. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन केलेल्या व्यवहारानेही मालकी जात-येत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे चालणाऱ्या विक्रीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात हीच गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली आहे.

तथापि, नोंदणी झाली म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली नोंदला जातो तो दस्त. मालकी तपासून तिची हमी देणे हा त्या नोंदणीचा हेतू नाही. के. गोपी प्रकरणात ७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की दस्त करून देणाऱ्यास मालमत्तेत हक्क आहे किंवा नाही हे ठरविणे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे. ज्याच्याकडे चार आणे हक्क आहे त्याने सोळा आणे हक्काचे खरेदीखत नोंदवून दिले, तरी घेणाऱ्यास चार आण्यांहून अधिक काही मिळत नाही.

इतर काही देशांत निराळी व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ साली आलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवहीतील नावालाच मालकीचे स्थान देण्यात आले. इंग्लंडमध्ये भूमी नोंदणी कार्यालय १८६२ साली स्थापन झाले. तेथे नोंदलेल्या मालकीच्या मागे शासनाची हमी असते आणि नोंदवहीतील चुकीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. तरीही तेथील खरेदीदार सॉलिसिटर नेमून नोंदवही व स्थानिक संस्थेचे अभिलेख तपासून घेतो. भारतात अशी सर्वसाधारण हमी नसल्यामुळे शोधाचे महत्त्व कितीतरी अधिक आहे. मुंबईत हे काम सॉलिसिटर मंडळींच्या पेढ्या करीत आल्या. तालुक्याच्या ठिकाणी ते दिवाणी काम करणारे वकील करतात.

तीस वर्षांचा शोध कशासाठी?

वकिलाने दिलेल्या शोध अहवालात बहुधा मागील तीस वर्षांचा आढावा असतो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार गहाण टाकलेली स्थावर मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत आहे. विकणाऱ्याच्या वडिलांनी ते घर पूर्वी कोणाकडून गहाण घेतले असेल आणि पुढे तेच मालक म्हणून वावरले असतील, तर मूळ मालकाचे वारस बऱ्याच काळानंतरही उभे राहू शकतात. ताबेगहाणाच्या बाबतीत ही मुदत केवळ गहाणाच्या तारखेपासून मोजता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सिंग राम प्रकरणात ठरविले आहे. म्हणून तीस वर्षे ही शोधाची किमान मर्यादा समजावी. साखळीतील एखादा दस्त त्याआधीच्या गहाणाकडे किंवा वाटणीकडे बोट दाखवीत असेल, तर वकिलाने तेथपर्यंत मागे गेले पाहिजे. ज्यात परत खरेदी देण्याची अट घातलेली आहे अशा मुदत खरेदीखताकडेही बारकाईने पाहावे. वरून विक्री दिसणारा असा दस्त कायद्याच्या दृष्टीने गहाण ठरू शकतो.

दुय्यम निबंधक कार्यालयातील पाहणी

स्थावर मालमत्तेचे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयातील पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात. त्यांच्या सूच्या तयार होतात आणि त्यांपैकी मालमत्तेनुसार असलेली सूची क्रमांक २ सर्वांच्या परिचयाची आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ नुसार विहित शुल्क भरून हे पुस्तक व या सूच्या कोणालाही पाहता येतात. त्यासाठी विकणाऱ्याच्या परवानगीची आवश्यकता नाही. शुल्क ‘ग्रास’ प्रणालीतून भरता येते.

महाराष्ट्रात नोंदणी कार्यालयांचे संगणकीकरण २००२ च्या सुमारास झाले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-शोध सेवेत मुंबईबाहेरील जिल्ह्यांच्या नोंदी साधारणपणे त्या वर्षापासूनच्या मिळतात. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी कार्यालयात जाऊन जुन्या सूच्या पानोपान पाहाव्या लागतात. केवळ संगणकावरील शोध घेऊन तीस वर्षांचा दाखला दिला गेला असेल, तर आधीची वर्षे कोणत्या अभिलेखांवरून तपासली, हे खरेदीदाराने विचारावे. तसेच एकच मालमत्ता निरनिराळ्या काळी सर्व्हे नंबर, गट नंबर, प्लॉट नंबर आणि नगर परिषदेचा घर क्रमांक अशा निरनिराळ्या ओळखींनी नोंदलेली असते. या प्रत्येक क्रमांकाने आणि मागील प्रत्येक मालकाच्या नावाने शोध घेतला, तरच तो पूर्ण होतो.

कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृत दस्ताची माहिती घेणाऱ्यास होती, असे गृहीत धरले जाते. ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हा बचाव चालत नाही. घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीच्या हक्काबाबतही असेच आहे. म्हणून घरात भाडेकरू, भाऊबंद किंवा अन्य कोणी राहत असल्यास तो कोणत्या नात्याने राहतो, याची समक्ष चौकशी झाली पाहिजे. ही चौकशी कोणत्याही सूचीत सापडत नाही.

मराठवाड्यातील जमिनीचा विशेष इतिहास

तालुक्याच्या गावातील पुष्कळ वसाहती पूर्वीच्या शेतजमिनीवर उभ्या आहेत. त्यामुळे आजचा प्लॉट घेतानाही मूळ जमिनीचा सात-बारा आणि त्यावरील फेरफार तपासावे लागतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. येथील जुने अभिलेख पुष्कळदा उर्दूत आहेत. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तयार झालेले १९५४-५५ चे खासरा पत्रक हा येथील हक्काच्या तपासणीचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. राज्य पुनर्रचनेच्या वेळी नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, तर आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ महाराष्ट्राकडे आले. सीमेलगतच्या गावांतील मालमत्तेचा फार जुना शोध घेताना त्या काळी हे गाव कोणत्या तालुक्यात होते, हे प्रथम पाहावे लागते.

सात-बारावर भोगवटादाराचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ ची जमीन सामान्यतः मालकास निर्वेधपणे विकता येते. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर शासनाच्या अटी असतात. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली कुळांना मिळालेल्या जमिनींना कलम ५०-ब चे निर्बंध लागू होतात आणि त्यांचा उल्लेख बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात आढळतो. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा आहे. देवस्थान, मशीद किंवा दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी मात्र खाजगी मालकीच्या जमिनींप्रमाणे विकता येत नाहीत. अशा जमिनीवर पाडलेला प्लॉट कितीही स्वस्त असला तरी तो स्वस्ताईचा व्यवहार नव्हे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासी व्यक्तीस ती पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही.

रेखांकन मंजूर आहे काय, जमिनीचा अकृषिक वापर नियमित आहे काय, आणि प्लॉट तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही ना, हे त्यानंतरचे प्रश्न होत. गुंठेवारी वसाहतींच्या नियमितीकरणासाठी २००१ चा अधिनियम आहे. परंतु ‘पुढे नियमित होईल’ या आश्वासनावर घर घेऊ नये. नियमितीकरणाचा आदेश हाती असेल तरच त्याचा आधार घ्यावा.

कर भरल्याची पावती आणि नगर परिषदेच्या आकारणी नोंदवहीतील नाव यांवर अनेकांची भिस्त असते. या नोंदी कर वसुलीसाठी असतात. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही. फेरफाराच्या नोंदीही महसुली कामासाठी असून मूळ दस्ताची जागा त्या घेऊ शकत नाहीत. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका अवश्य पाहावी, परंतु तिच्यातील नाव कोणत्या दस्ताच्या आधारे लागले, हेही विचारावे.

बहिणींची सही

वडिलोपार्जित घर भावांनी मिळून विकावयास काढणे, हा गावोगावचा नित्याचा प्रसंग आहे. अशा वेळी बहिणींचा हक्क विसरला जातो. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाने मुलीस वडिलांच्या मालमत्तेत वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे सहदायादाचा हक्क दिला. त्या तारखेस वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली हस्तांतरणे व वाटण्या कायद्याने अबाधित ठेवल्या आहेत.

समजा, तिघा भावांनी एका घराचे खरेदीखत करून दिले आणि सासरी असलेल्या दोन बहिणींना त्यात घेतले नाही. फेरफाराला त्यांची नावे कधी लागलीच नव्हती, त्यामुळे सात-बारा किंवा आकारणी उतारा पाहून काहीच उमगत नाही. पुढे बहिणींनी वाटणीचा दावा केला, तर घेणाऱ्याचे घर दाव्यात अडकते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. यावर उपाय साधा आहे. मृत मालकाच्या सर्व वारसांची वंशावळ मागावी, ती गावात विचारून पडताळावी आणि बहिणींनी खरेदीखतात सामील व्हावे किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी झालेले असावे. बहिणीला तिच्या हक्काचा मोबदला मिळाला, तर व्यवहार कायदेशीर होतो आणि न्यायाचाही होतो.

न दिसणारे गहाण

गृहकर्जासाठी बँका बहुधा मूळ दस्त स्वतःकडे ठेवून गहाण घेतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये याला मान्यता आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या शहरांत असे गहाण करता येते, मग मालमत्ता अन्यत्र असली तरी चालते. या प्रकारात पूर्वी नोंदणी कार्यालयात काहीच खूण उमटत नसे. हा दोष दूर करण्यासाठी महाराष्ट्राने नोंदणी अधिनियमात कलम ८९-ब घातले. १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना कर्जदाराने तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावयाची असते. त्याशिवाय बँका व वित्तसंस्थांच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही ‘सेरसाई’ ३१ मार्च २०११ पासून कार्यरत आहे आणि अल्प शुल्क भरून कोणासही तिच्यात शोध घेता येतो.

त्याआधीच्या गहाणांसाठी सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे मूळ दस्त पाहणे. विकणारा केवळ छायाप्रत दाखवीत असेल किंवा मूळ दस्त हरवल्याचे सांगत असेल, तर तो कोठे तरी ठेव म्हणून पडला असण्याची शक्यता गृहीत धरावी. सहकारी संस्थेच्या कर्जाचीही चौकशी करावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासदाने घोषणापत्र देऊन जमिनीवर बोजा निर्माण केलेला असतो आणि तो फेडल्यावाचून केलेली विक्री टिकत नाही. ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजाची नोंद आणि तो कमी झाल्याचा फेरफार अशी जोडी जुळवून पाहावी.

बँकेचा वकील आणि खरेदीदाराचा वकील

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक आपल्या यादीवरील वकिलाकडून हक्काचा अहवाल व अभियंत्याकडून मूल्यांकन घेते. त्याचा खर्च बहुधा कर्जदाराकडून वसूल होतो. परंतु तो अहवाल बँकेचे कर्ज सुरक्षित आहे काय, या प्रश्नाचे उत्तर असतो. खरेदीदाराचा प्रश्न अधिक व्यापक असतो. रस्त्याचा हक्क, सामाईक भिंत, प्रत्यक्ष मोजणीत भरणारे क्षेत्र, चतुःसीमा, घरातील वहिवाटदार, पुढे मजला चढविण्याची मुभा या गोष्टी बँकेला दुय्यम, पण राहणाऱ्याला मुख्य असतात. शिवाय हक्क सदोष निघाला तरी कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी कायम असल्याने बँकेपाशी वसुलीचा दुसरा मार्ग उरतो. खरेदीदारापाशी तसा मार्ग नसतो. म्हणून इसार देण्यापूर्वीच स्वतःचा वकील नेमावा. एकाच वकिलाने विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे असे दोन्ही बाजूंचे काम करणे सोयीचे वाटले तरी ते टाळणे इष्ट.

नव्या इमारतीतील सदनिका घेताना महारेराकडील नोंदणी पाहावी. १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे जमिनीच्या सदोष हक्कामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असते आणि या मागणीस मुदतीचा अडसर नाही. जुने घर किंवा सुटा प्लॉट एखाद्या खाजगी मालकाकडून घेणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही.

खर्चाचा हिशेब

खरेदीच्या खर्चात मुद्रांक शुल्क सर्वांत मोठे असते. करारातील किंमत आणि वार्षिक दर तक्त्यानुसार निघणारे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर ते आकारले जाते. दर महानगरपालिका, नगर परिषद किंवा ग्रामपंचायत अशा हद्दीनुसार ठरतो. १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्यात आली. नोंदणी शुल्क एक टक्का असून त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. २० लाख रुपयांच्या घरावर ते २०,००० रुपये होईल.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के रक्कम कर्जाऊ देता येते. सर्वसाधारणपणे मुद्रांक व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. केवळ १० लाखांपर्यंतच्या घरांना यात मार्च २०१५ पासून सूट आहे. म्हणजे २० लाखांच्या घरासाठी कर्ज अधिकात अधिक १८ लाख. उरलेले २ लाख आणि वरील सर्व शुल्के पदरची घालावी लागतात. हे गणित आधी न मांडल्यामुळे ऐनवेळी ओढाताण होते आणि काटछाट केली जाते ती नेमकी शोधाच्या खर्चात.

वकिलाच्या शोधकामाचा दर कायद्याने ठरलेला नाही. काम सुरू होण्यापूर्वी तो लेखी ठरवून घ्यावा. शोध किती वर्षांचा, कोणकोणत्या कार्यालयांतला, शासकीय शुल्क व जाहीर सूचनेचा खर्च त्यात धरला आहे काय, खरेदीखताचा मसुदा वेगळा आकारला जाणार काय, हे त्यात स्पष्ट असावे. शेवटी वकिलाच्या सहीचा अहवाल, शुल्काच्या पावत्यांसह, ताब्यात घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने कर्जदारास ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. कायदेविषयक तपासणीसारख्या तिऱ्हाइताच्या नावे वसूल होणाऱ्या रकमाही त्यात दाखवाव्या लागतात. सही करण्यापूर्वी ते विवरण वाचावे.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत कायदेविषयक सल्ला मागता येतो.

व्यवहाराचा क्रम

खरेदीदाराने प्रथम मूळ दस्तांची साखळी मागावी आणि वकिलाकडून नोंदणी कार्यालय, महसूल, भूमि अभिलेख, नगर परिषद, न्यायालयातील प्रलंबित दावे व सेरसाई येथील शोध घ्यावा. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. मोजणी व वहिवाट समक्ष पाहावी. मगच साठेखत, कर्ज व खरेदीखत या पायऱ्या चढाव्यात. विकणाऱ्याचे जुने कर्ज असल्यास ते फिटल्याचा दाखला मिळेपर्यंत पूर्ण रक्कम त्याच्या हाती देऊ नये. स्वतःचे कर्ज फिटल्यावरही काम संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फेडल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने मूळ दस्त परत करावयाचे असतात. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई देय होते. दस्त परत आल्यावर सेरसाईतील व महसुली अभिलेखातील गहाणाची नोंद उतरली आहे, याची खात्री करावी.

शोधासाठी लागणारी रक्कम घराच्या किमतीच्या मानाने अल्प असते आणि त्यासाठी लागणारा अवधी काही आठवड्यांचा असतो. शोधात दोष आढळला, तर इसार देण्यापूर्वी मागे फिरता येते किंवा तो दुरुस्त करून घेता येतो. खरेदीखतावर सही झाल्यानंतर तोच दोष दिवाणी दाव्याचा विषय होतो, आणि त्या दाव्याचा खर्च व काळ या दोहोंचा अंदाज आधी कोणालाही बांधता येत नाही.